आत्याने वाचलेला कागद

आत्या दुसऱ्याचा कागद कधी वाचत नसे. बोईसर स्टेशनसमोरच्या तिच्या झेरॉक्सच्या दुकानात जातीचे दाखले येत, कोर्टाच्या नोटिसा येत, दवाखान्याचे रिपोर्ट येत. ती कागद काचेवर पालथा घाली आणि नजर भिंतीकडे वळवी. "लोकांचं घर असतं त्यात," म्हणायची.

खरं तर ती आत्या रुचिताची. तारापूरची रुचिता माझी कॉलेजातली जिवलग मैत्रीण. तिनेच मला पहिल्यांदा त्या दुकानात नेलं, आणि मग मीही आत्याच म्हणू लागले. उमरोळीची गाडी लांबली की मी तिथेच टेकायचे. खाणार का, असं आत्या विचारत नसे. डब्यातली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी सरळ हातावर ठेवायची.

दुसऱ्या वर्षाला माझ्या नावाने, माझा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं उघडलं. त्यावरून वर्गातल्या मुलांना नको नको ते मेसेज जाऊ लागले. त्यांचे स्क्रीनशॉट आम्हा चौघी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून थट्टा चालायची. मी चिडले की उत्तर यायचं, "मस्करीही कळत नाही का तुला?" रस्त्यात कुणी वळून बघितलं तरी वाटायचं, यानेही वाचलंय. बाबांच्या कानावर गेलं तर कॉलेज बंद, या धास्तीने घरी मी काही कळू देत नव्हते.

एका दुपारी प्रोजेक्टची प्रिंट काढायला मी फोन आत्याच्या कॉम्प्युटरला जोडला आणि पडद्यावर नेमके तेच मेसेज उघडले. मी बंद करायला झेपावले. आत्याने माझं मनगट धरलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं.

"किती दिस चाललंय?"

"मस्करी आहे गं आत्या."

"मस्करीत तू कुठं हसतेस?"

तिने एकेका मेसेजची तारखेसकट प्रिंट काढली. "काय पुसू नको. त्यांच्याशी भांडू पण नको. दुसऱ्याच्या नावानं खातं उघडणं गुन्हा हाय, पोरी. लोकांचे अर्ज टाइप करते मी, एवढं कळतं मला." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो कुणी काढला?"

"रुचितानं. पण तिनं तो सगळ्यांना पाठवला होता."

आत्याने ती प्रिंट गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आत्याबरोबर निघाले, पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर थबकले. "बाबांना कळेल," मी म्हणाले.

"कळू दे. मी बोलते त्यांच्याशी."

आतले हवालदार म्हणाले, "मैत्रिणींचं भांडण आहे, घरीच मिटवा की."

आत्याने प्रिंटा टेबलावर ठेवल्या. "साहेब, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसतं. तक्रार लिहून घ्या. नायतर आमी सायबरच्या पोर्टलवर टाकतो."

त्यांनी कागद ओढला. "कुणावर संशय?"

आत्या म्हणाली, "माझ्या भावाच्या पोरीवर." तिचा आवाज कापत होता. तीही घाबरलीय, हे मला तेव्हा कळलं.

तपासात खातं रुचिताच्याच फोनवरून चाललेलं निघालं. आईवडिलांसमोर ती रडली, "आधी गंमतच होती" म्हणाली. खातं बंद झालं. आत्या आमच्या घरी येऊन बोलून गेल्यावर बाबांनी कॉलेज बंद केलं नाही. तिसऱ्या दिवशी मला स्वतः कॉलेजात सोडायला आले.

आत्याच्या भावाने मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. तारापूरच्या घरून सणाचं बोलावणं यायचं थांबलं. हे मला तिच्याकडून नाही, बाहेरून कळलं. पुढच्या वर्षी दुकान आवरून ती वाणगावला लेकीकडे राहायला निघाली तेव्हा मीच विचारलं, "आत्या, पस्तावा होतो का गं?"

"होतो ना. गणपतीत लय होतो." तिने शटर ओढलं. "पण त्या दिसांत तू गाडी यायच्या वेळी फलाटाच्या पार कडेला उभी राहायचीस. इथून दिसायचं मला."

तिथे का उभी राहायचे, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.