वरचा हूक

केडगावपासून चार किलोमीटरवर आमची वस्ती आहे. तिथं बावीस वर्षं मी केबलवाला होतो. नाव बाळासो, पण माझं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे मला ‘बाळासो केबल’ म्हणत. टीव्ही गेला की फोन मला यायचा, आणि मॅचच्या दिवशी गेला तर मी भरलं ताट सारून उठायचो. बायको चिडायची. मला मात्र आतून गुदगुल्या व्हायच्या. एकशे चाळीस घरं आपली वाट बघतात, ही काय साधी गोष्ट आहे? पुढं पत्र्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाईलचा टॉवर आला, सिनेमे मोबाईलवर आले आणि माझी गिऱ्हाईकं गळत गेली. तेही मी सोसलं. टॉवरवर जळून करणार काय? तो काही रोज दारावरून हसत जात नाही.

धनश्री जाते.

ही बिरदेवची मुलगी. बिरदेवची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची, तेव्हा ही कोकरांमागं पळायची. नंतर पाबळला काहीबाही तांत्रिक शिकली, रांजणगावात नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी ब्रॉडबँडची एजन्सी घेऊन वस्तीवर परत आली. मी आयुष्यभर वायर दातानं सोलली. ही पोत्यावर मांडी घालून बसते, समोर डब्याएवढं मशीन ठेवते आणि नेटच्या वायरीतली केसाइतकी बारीक काच सांधते. हात जरासुद्धा हलत नाही. तो हात हलावा, असं मला कितीदा वाटलंय, ते खोटं कशाला सांगू? घराघरात तिला ताई ताई म्हणतात. जी घरं मला ‘ये रे’ म्हणायची, ती तिला ‘या’ म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर ती माझ्या दारात आली.

“मामा, आनंदरावांच्या टपरीपाशी वळणावर जो पोल हाय, त्याच्या वरच्या हुकाला तुमची वायर हाय. ती बंद असंल तर माझी तिथं घेते. खालून नेली तर उसाच्या ट्रॉल्या तोडत्याल.”

दुसऱ्याच्या वायरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा आमच्या धंद्यात रिवाज आहे. जो आधी आला त्याचा वरचा हूक. पोरीनं तो पाळला, म्हणून तर ती विचारायला आली होती. त्या वळणापुढं माझं एकही गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दीड वर्षं त्या वायरीतून काही जात नव्हतं.

“चालू हाय माझी लाईन,” मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. “बरं मामा,” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिची वायर माझ्या वायरीच्या हातभर खाली बांधलेली होती. भांडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

साखर कारखाना सुरू झाला आणि रस्त्यावर डबल ट्रॉल्या धावू लागल्या. मी रोज सकाळी टपरीवर जाऊन बसायला लागलो. चहा हे निमित्त. मी तिची वायर तुटायची वाट बघत होतो. वायर तुटावी, घराघरात नेटच्या डब्यावर लाल दिवे लागावेत आणि लोकांना पुन्हा माझी आठवण व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

अकराव्या दिवशी तुटली. ट्रॉलीतून वर आलेलं उसाच्या शेंड्याचं वाढं वायरीत अडकलं, ट्रॉली थांबली नाही, आणि तिची काळी वायर सापासारखी रस्त्यावर लोळली. माझी नुसती हलली आणि तशीच राहिली. मला इतका आनंद झाला की मी आणखी एक चहा सांगितला.

तो यायच्या आत माझा फोन वाजला. कित्येक महिन्यांनी वस्तीवरून फोन. सोजराबाई होत्या, वस्तीतल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या चौकटीवर माझा नंबर अजून ऑईलपेंटनं लिहिलेला आहे.

“बाळासो, आरं नेट गेलं बघ.”

“आलोच आत्या,” मी उठलोसुद्धा.

“तू कशाला येतूस? धनश्रीचा नंबर दी. सुनंच्या मोबाईलमधी हाय, आन् ती रानात गेलीया. मला तुझाच तेवढा गावला.”

मी नंबर दिला. दुपारपर्यंत आणखी तीन घरांना दिला. चौथ्या वेळी तो मला पाठ झाला होता.

धनश्री आली. पोतं अंथरलं, काच सांधली. मग शिडी लावून पुन्हा त्याच खालच्या हुकाला वायर बांधायला लागली. मला काहीच विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवून बसलो होतो, आणि ही विचारीना. टपरीवर पाच-सहा माणसं होती. मला राहवलं नाही.

“वर का न्हाई घेत?”

“वर तुमची लाईन चालू हाय ना, मामा?”

टोमणा नव्हता. असता तर मी उलटून बोललो असतो. सगळे माझ्याकडं बघत होते. ‘हाय’ म्हणायला एक शब्द पुरला असता. मग वायर परत तुटली असती, माझा फोन परत वाजला असता, आणि मी परत तिचाच नंबर दिला असता.

“बंद हाय,” मी म्हणालो. “दीड वरीस झालं.”

ती खाली उतरली आणि कटर माझ्या हातात दिला. माझी वायर होती, मीच कापायची. वर चढताना गुडघे करकरले. वायर धुळीत पडली, तसा आनंदराव टपरीतून म्हणाला, “टाकू नगा ती. कापडं वाळत घालाया व्हईल.”

लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग ती चढली. माझ्या हुकाला तिची वायर लागली, ताणून, सरळ, कुठं झोल नाही. ती खाली उतरून निघून गेली तरी मी खोट शोधत पोलाखाली उभा होतो. एकही सापडली नाही.