शंभर वॅटची शंका

रोज सकाळी सात वाजता हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, आमची चार-पाच जणांची बैठक भरते. त्या आठवड्यात धामणगाव बढ्याहून युसूफभाईंचा आवाज तीन दिवस आला नाही. मला वाटलं, सेट उघडून बसले असतील... चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला. "गुरुजी, अब्बा गेले." त्याला आता दीड महिना होतोय.

युसूफभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मी मोताळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. हॅम रेडिओच्या लायसनची परीक्षा आम्ही बरोबरच दिली. कुठल्याही मीटरच्या काट्यावर भरोसा न ठेवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर मी हौसेनं पॉवर मीटर आणला. ट्रान्समीटरमधून अँटेनाकडे किती शक्ती जाते ते दाखवणारा. काटा शंभर वॅटवर गेला की माझी छाती फुगायची. युसूफभाईंनी एकदा रोखून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, हा खोटं बोलून राह्यला."

त्यांची पद्धत साधी होती. तेलाच्या डब्यात रेझिस्टर, म्हणजे वीज सोडली की तापणारा तुकडा, बुडवायचा. आधी बॅटरीची मोजलेली वीज दहा मिनिटं सोडून तेल किती तापतं ते पाहायचं, मग तेल निवल्यावर तितकाच वेळ ट्रान्समीटर जोडायचा आणि दोन्ही वेळचं तापणं ताडून पाहायचं. माझ्या घरी, माझ्यासमोर त्यांनी हे केलं. माझे शंभर वॅट जेमतेम साठ निघाले. मला ते पटेना. त्याच दिवसांत ते स्वतः बनवलेले मीटर विकायला लागले होते. मी बोलून गेलो, "तुमचा मीटर खपावा म्हणून माझा खोटा ठरवता काय?" डबा उचलून ते निघून गेले.

पाच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळच्या बैठकीत माझी पाळी आली की गप्प. मग एका दुपारी डब्यासकट एस.टी.तून उतरून दारात हजर!

"चूक माही हाये, गुरुजी. पहिल्या खेपेले, बॅटरी लावली तवा, लाईन गेली होती, पंखा बंद. दुसऱ्या खेपेले लाईन आली, पंखा फिरत होता, तेल थंड होत राह्यलं. मीटर खोटाच हाये, पण मी म्हटला तेवढा नाही."

पंखा बंद ठेवून, घाम पुसत आम्ही पुन्हा मोजलं. ब्याऐंशी भरले. मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "शक घेतला त्याचं काही नाही. पण शक घ्याचा त मंग तपासाचा बी."

परवा त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर रक्तदाब मोजायचं मशीन होतं. त्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी : 'तपासणे बाकी.'

"दवाखान्यात प्रेशर लय निघालं होतं," सलीम म्हणाला. "घरी बी तेवढंच. अब्बा म्हने, दोन्ही मशीनी जास्त दाखवत असन. तपासतो, मंग गोळी घेतो. आठ महिने गोळी घेतलीच नाही..."

मला त्यांचा राग आला. खरंच राग आला. सलीमला आणि ते मशीन घेऊन मी बुलढाण्याला गेलो, दुसऱ्याच एका डॉक्टरकडे. आधी त्यांच्या यंत्रावर माझा दाब मोजला, मग पाच मिनिटांनी युसूफभाईंच्या. तीनदा. तिन्ही वेळा आकडे जुळले.

सलीमनं डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन मागून घेतलं. मशीनवरच्या चिठ्ठीतला 'बाकी' हा शब्द खोडला आणि खाली लिहिलं, 'बरोबर दाखवते.'