पिठाचा नाग आणि बांधावरची धामण

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. निफाडजवळच्या आमच्या मळ्यात मी नुकतीच धाकटी सून म्हणून आले होते. थोरल्या जाऊबाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी पाळणा हलला नव्हता. मागच्या जन्मी त्यांनी साप मारला असणार, असं घराने ठरवून टाकलं. त्र्यंबकला नागबळी करायचा, दिवाळीपर्यंत गुण आला नाही तर थोरल्या दिरांचं दुसरं लग्न लावायचं. खोट दिरांत असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्र्यंबकला पिठाचा नाग करून त्याला रीतसर अग्नी दिला. मळ्यावर परतल्यावरही सासूबाईंनी त्या पिठाचं सुतक पाळायला लावलं. अळणी जेवण, घोंगडीवर झोप आणि मोठ्याने बोलायचं नाही. पिठासाठी एवढा शोक मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या बांधावर धामण निघाली. तिथल्या दगडांच्या कपारीतच ती राहायची. सडसडीत, पिवळसर, पुरुषभर लांब. उंदरामागे उसाच्या सरीत शिरली की पाटाला पाणी सोडल्यासारखी जायची, नजर पोचेपर्यंत शेपटीही दिसेनाशी व्हायची. त्या दिवशी मात्र ती जड चालत होती. पहिलं दांडकं सासऱ्यांनी घातलं, बाकीची दिरांनी. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे. शिवाय ती नाग नव्हे, म्हणून दोष लागत नाही, हेही सासऱ्यांनीच सांगून टाकलं.

तिचं पोट फुटलं आणि पांढरी, लिबलिबीत अंडी मातीत सांडली. दिरांनी ती काठीने उकिरड्याकडे ढकलली, हात धोतराला पुसले आणि न्याहारी मागितली. मला शिसारी आली ती अंड्यांची नव्हे. त्या हातावर भाकरी ठेवायची, याची आली.

जाऊबाई सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी पदरही न सावरता म्हणाल्या, "मामंजी, हिच्या पोटातल्यांचं पाप बी माझ्याच पोटावर घालनार का?"

सासरे दांडकं गवताला पुसत राहिले. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"हळू बोल. घरात सुतक हाय."

दिवाळीनंतर सवत आली. लग्नाचं पुरण जाऊबाईंनीच वाटलं.