लग्नपत्रिकेची चाकं

आमचे शेजारी जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत. दिवसभर लोखंडाशी झटतात आणि घरी आले की कागदाचा रणगाडा करायला बसतात. पुठ्ठा विकत आणणं त्यांना मंजूर नाही. गल्लीत आलेल्या लग्नपत्रिकाच ते वापरतात. आधी गणपती अलगद कापून डब्यात ठेवायचा, कारण चाकाखाली देव नको. मग उरलेल्या पत्रिकेच्या चकत्या एकावर एक चिकटवून चाक करायचं. प्रत्येक चाकाला वर-खाली हलणारा वेगळा दांडा, तोही कागदाचाच. टेबलावर आगकाडी ठेवून ते रणगाडा तिच्यावरून नेतात. एकेक चाक आपापलं उचललं गेलं पाहिजे. एक जरी अडलं, तरी "बराबर न्हाई" म्हणून अख्खी बाजू उचकटतात.

आमच्या थोरलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर त्यांनी आधी तिचा कोपरा दुमडून पाहिला. तारीख नंतर विचारली. लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी आले आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले.

महिन्याभराने त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आमची पत्रिका देवाजवळ अख्खी ठेवलेली दिसली. मला भरून आलं.

"आमची कापली न्हाई का?"

"पातळ हाय हो ती, चाकाला चालत न्हाई," ते मान वर न करता म्हणाले. "आता धाकटीच्या पत्रिकेची वाट पाहून राह्यलो."

यंदा धाकटीचं ठरलं. छापखान्यात घरच्यांनी रंग निवडला, मजकूर निवडला. मी फक्त कोपरा दुमडून पाहिला.