लिफ्टमास्तरांनी मोजलेल्या फेऱ्या

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतात. चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत, आणि ते स्वतः राहायचे त्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळे त्यांना लिफ्टमास्तर म्हणतात. चौथ्या मजल्यावर चढताना ते माझ्या दारापाशी दम खायला थांबत, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातलं निम्मं मला उंबरठ्यातच कळलेलं आहे.

मास्तरांना दमच लागतो. त्यांच्या बायकोचे, म्हणजे बाईंचे, मात्र गुडघे गेले होते. बाजारात जायचं तर त्या दोन दिवस आधीपासून मनाची तयारी करत. समोरच्या इमारतीत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा विकायला निघाली होती आणि आठ वर्षं पैपै जोडून बयाण्यापुरते पैसे जमले होते. बाईंनी तर स्वयंपाकघराच्या खिडकीची मापंही घेऊन ठेवली होती.

आता मास्तरांची विद्या. प्रत्येक लिफ्टच्या मशीनपाशी एक आकडा असतो, एकूण किती फेऱ्या झाल्या ते सांगणारा. दोर कधी बदलायचा ते ठरवायला मास्तर तो दर महिन्याला वहीत उतरवतात. पण त्यावरून ते भाडेकरूंचं भविष्यही सांगत. एका दंतवैद्याचा दवाखाना बंद पडणार हे त्यांनी तीन महिने आधी सांगितलं आणि ते खरं निघालं. माझ्या मते तो दंतवैद्यच वाईट होता. पण तेव्हापासून मास्तर माणसांपेक्षा त्या आकड्याला मानू लागले.

त्यांच्याच एका इमारतीत सहा वर्षांपूर्वी दोन तरुणांनी कंपनी काढली. मोबाइलवर सांगायचं, ते घरून कपडे नेणार, धुऊन, इस्त्री करून आणून देणार. तिथे फोन घ्यायला पहिली माणूस लागली ती बाईंची धाकटी बहीण. पगारवाढ देता येईना म्हणून त्यांनी तिला कंपनीचे शेअर दिले. मास्तर पोट धरून हसले. महिन्याला तीनशे फेऱ्या, त्यातल्या शंभर चहाच्या, असल्या कंपनीचा कागद चुलीतही नीट जळायचा नाही, असं ते भर जेवणात मेव्हणीला म्हणाले. तिने आणखी एक पोळी वाढून घेतली.

सहा वर्षांत कंपनी तीन मजल्यांवर पसरली आणि एक दिवस तिचे शेअर बाजारात येणार असल्याचं जाहीर झालं. मग काय विचारता. न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत दुसरा विषय नाही. ज्यांच्या घरी कपडे धुवायला बाई होती तेही धुण्याचं भवितव्य उज्ज्वल असल्याचं सांगू लागले. मास्तर आठवडाभर जुन्या वह्या चाळत होते. मग एका संध्याकाळी माझ्या दारात दम न खाताच त्यांनी वही उघडली. गेल्या दोन महिन्यांत त्या लिफ्टच्या फेऱ्या दुप्पट झाल्या होत्या.

मेव्हणीला एक फोन केला असता तर सगळं कळलं असतं. पण तिला हसलेला माणूस तिलाच कुठल्या तोंडाने विचारणार? मास्तरांनी बयाण्याचे सगळे पैसे शेअरसाठी भरले. वर्षभरात बयाणाच काय, अख्खी जागा घेऊ म्हणाले. बाई एवढंच म्हणाल्या, "मला जागा गुडघ्यांसाठी हवीय. मिरवायला नकोय."

मागितले तेवढे शेअर मिळाले; खरी मागणी असली की वाट्याला थोडेच येतात. फळवाला न मागता दोन फळं जास्त घालू लागला तर पिशवीत हात घालून बघावं, एवढी अक्कल मास्तरांना होती. शेअरच्या वेळी ती कामाला आली नाही. माझ्याही नाही. हो, मीही घेतले होते. किती ते विचारू नका.

पहिल्याच दिवशी भाव घसरला. महिन्याभरात एक तृतीयांश उरला.

मास्तर महिन्याच्या कामाला त्या इमारतीत गेले तेव्हा त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, एवढ्या फेऱ्या होत होत्या त्या कसल्या? पहारेकरी म्हणाला, "खर्च कमी दिसावा म्हणून दोन मजले सोडले ना त्यांनी. खुर्च्या उतरवत होते. चढताना लिफ्ट रिकामी, उतरताना भरलेली."

फेरी चढती की उतरती हे तो आकडा सांगत नाही. तीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला हे पहारेकऱ्याने सांगावं लागलं.

धाकटीने काय केलं, तर जुन्या लोकांना आपले शेअर याच विक्रीत काढायची मुभा होती. तिने एकूण एक काढले. म्हणजे मास्तर ज्या दारातून आत शिरले त्याच दारातून ती बाहेर पडली, आणि त्या पैशांत तिने समोरची तळमजल्यावरची जागा घेतली. मग ताईला येऊन म्हणाली, मला माझं घर आहे, तुम्ही दोघं तिथे राहा, जमेल तसं भाडं द्या.

मास्तर बिथरले. मेव्हणीचा भाडेकरू व्हायचं? मरेन पण जाणार नाही, असं माझ्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, कारण वर बाई एकेक भांडं कागदात गुंडाळत होत्या ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्या एक पिशवी घेऊन, कठड्याला धरून खाली आल्या. मागून मास्तर.

"मी खाली राहायला चाललेय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला यायचं तेव्हा या. उतरायचंच तर आहे."

मास्तर वर गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले. त्या दिवशी दुपारपर्यंत मी माझ्या दारातून त्यांच्या सव्वीस फेऱ्या मोजल्या. चढताना हात रिकामे, उतरताना भरलेले.

जागा चांगली आहे, खिडकीला पडदाही मापात बसलाय. बाई आता रोज बाजारात जातात. माझ्या दारात मात्र कुणी दम खायला थांबत नाही, आणि खरं सांगतो, शेअर बुडाल्याचं मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं.