तहानलेला मेंढा
घोंगडीचा वास आला की मला एक मेंढा आठवतो, जो कधी नव्हताच. शेजारच्या मेंढपाळ मामांचे पाय गेले, पोरांनी मेंढरं विकून टाकली आणि मामा ओसरीवर घोंगडीत पडून राहिले. मी रोज संध्याकाळी जाऊन थाप मारायचो, की डोंगरावर एक मेंढा बघितला. शिंगं अशी, की नेकनूरची एसटी त्यांत अडकून तासभर खोळंबली. मामा खोकत खोकत हसायचे. "लई खोटारडा हायस बे," म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "आज कुठं चरला?" भर उन्हाळ्यात एकदा मात्र ते हसले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, "मेंढा तुझ्या हवाली. पोरांना दावू नको, इकतील." मी म्हणालो, "मामा, तसा मेंढाच न्हाई." "म्हाईत हाय मला. पण ऊन लई हाय, त्याला पाणी कोण पाजंल?" मी "पाजतो" म्हणालो. त्याच आठवड्यात मामा गेले. आता पारावर लोक मेंढ्याची गोष्ट मागतात आणि मी विषय बदलतो. एसटी अडवणारा मेंढा मी चुटकीसरशी उभा केला होता, पण ऐकायला मामा नसताना त्याला पाणी कसं पाजायचं, ते मला अजून जमलेलं नाही.