बाहुली रडत नाही

अंगणवाडीत सुनंदाताई बाळाचं वजन करत होत्या. झोळीत ठेवताच बाळानं टाहो फोडला, पाय झाडले. काटा थरथरत राहिला. ताईंनी झोळीला हात न लावता ओठांनी चिमणीसारखा आवाज काढला. बाळ क्षणभर थबकलं आणि तेवढ्यात त्यांनी आकडा वाचला.

सेविकांसाठी वजनाचा ऑनलाइन धडा मीच केलाय. ऑफिसात बसून, प्लॅस्टिकची बाहुली झोळीत ठेवून. शिकवायचा एवढा सोस, की एकाही सेविकेला काही विचारावं असं सुचलंच नाही.

"धडा छान आहे हो मॅडम," ताई ओशाळून म्हणाल्या. "चार वेळा बघितला. पण माझ्याकडची बाळं रडतातच. माझंच काहीतरी चुकत असणार."

मान मी खाली घालायला हवी होती. घातली त्यांनी.